कुलपाला हात न लावणारी माणसं

माझ्या भावाला सगळी बाजारपेठ घुम्या म्हणते, आणि ते नाव मीच ठेवलंय, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. लहानपणी विचारलं, "भूक लागली का रे?" की नुसती मान हलवायचा. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते आपण ओळखायचं. आता त्रेपन्न वर्षांचा घोडा झाला, मिशी पांढरी झाली, तरी तेच. कुलपं दुरुस्त करतो, चाव्या बनवतो, अडकलेली दारं उघडून देतो. बोलायचं खातं माझ्याकडे. गिऱ्हाइकाशी मी बोलते, आणि गिऱ्हाईक फार शहाणपणा करायला लागलं तर भांडतेही मीच. मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही म्हणाल, ही बाई भावावर एवढी का खेकसते.

दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली, मागे लाकडी जिना, वर आम्ही दोघं. माझं लग्न सहा वर्षं टिकलं, त्याचं झालंच नाही, आणि आता कोणी विचारतही नाही, हे एक बरं आहे. दुकानात दारापाशी चावी कापायचं मशीन आहे, ते माझं. आत भिंतीला लागून त्याचं टेबल. तिथे चिमटे, कानशी, तेलाची कुपी आणि चामड्याच्या पाकिटात बाबांचे आकडे. आकडा म्हणजे टोकाला जरासा वळवलेला पोलादी तुकडा. डाव्या हाताने पट्टी घालून कुलपाला ताण द्यायचा, उजव्या हाताने आकडा आत सरकवून एकेक पिन वर ढकलायची. पिन जागेवर बसली की बोटाला कळतं. कितपत कळतं म्हणाल, तर बोटावर चालणारी मुंगी थांबल्यावर कळतं तितपत. बाबांनी आकडे त्याच्या हातात दिले आणि मशीन माझ्या. का, ते मी तेव्हा विचारलं नाही. आज असते तर सोडलं नसतं मी त्यांना.

बाबांचा नियम एकच होता. मालक समोर उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. मग समोरचा कितीही गयावया करो, "माझ्या भावाचंच घर आहे हो, तो गावाला गेलाय," आम्ही हलत नाही. घुम्याने तीस वर्षांत हा नियम एकदाही मोडलेला नाही. म्हणून तर पुढे घरी व्हिडिओ गेम आला, तेव्हा त्यात त्याने पहिल्यांदा काय केलं असेल? चोर झाला!

गेमचं मशीन शेजारच्या झेरॉक्सवालीने दिलं. तिने नवीन घेतलं होतं आणि जुनं तिच्याकडे धूळ खात पडलं होतं. "घुम्यादादा, दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, तेव्हा खेळा," म्हणाली. मला वाटलं, हा कसला खेळतोय! पण त्याने मशीन टीव्हीला जोडलं आणि जो बसला तो बसलाच. आत एक अख्खं जग आहे. डोंगर, नद्या, किल्ले, खानावळी, आग ओकणारे पंखवाले प्राणी. कुठेही जा, काहीही कर, तुला कोणी हटकणार नाही. फक्त सुरुवातीला विचारतात, तू कोण? लोक म्हणे काहीतरी दाबून पुढे जातात. आमचे साहेब त्या प्रश्नावर दोन दुपार अडून बसले.

तिसऱ्या दिवशी त्याने खालून चावीला बांधायचा पुठ्ठ्याचा बिल्ला आणला आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलं: 'भुरट्या. उघडतो, बघतो, बंद करतो. काही घेत नाही.' टीव्हीच्या शेजारी खिळा ठोकून बिल्ला लटकवला. मी म्हटलं, "काही घेत नाही? मग हा चोर कसला? ह्याला उलट बक्षीस द्यायला हवं." तर हसला. "ताई," म्हणाला, "मालक समोर नसताना कुलूप उघडतोय मी. आयुष्यात पहिल्यांदा." चेहरा असा फुलला होता की मी चहा टाकायला निघून गेले, नाहीतर मलाही हसू आलं असतं आणि मग तो दिवसभर खेळला असता.

त्या गेममध्ये कुलूप उघडायची पद्धत आहे. पडद्यावर कुलूप मोठं दिसतं, रिमोटवरची कांडी चिमटीत धरून हळूहळू फिरवायची, आणि पिन जागेवर आली की ती बोटांत थरथरते. घुम्याला ते बघून आधी रागच आला. "असलं कुलूप शेळीसुद्धा उघडेल," म्हणाला. पण भुरट्याने त्या जगातली एक पेटी सोडली नाही. राजाची, सावकाराची, खानावळवाल्याची. उघडायची, आत बघायचं, परत बंद करायची आणि चालू पडायचं.

पुढे ही सोंगं वाढत गेली. भुरट्यानंतर आली कुऱ्हाडवाली. साडेसहा फूट उंच, दंड माझ्या मांडीएवढे. बिल्ल्यावर लिहिलेलं: 'आधी मारते, मग विचारते. माफी मागत नाही.' मी म्हटलं, ही कोणावरून घेतलीस ते कळलं बरं मला. घुम्याची गंमत अशी की एकदा माणूस ठरला की तो त्याच्याच तोंडाने बोलतो. गेममधल्या लोकांना ऐकू जात नाही, तरी हा बोलतो. माझ्याशी दिवसभरात वीस शब्द बोलणारा माझा भाऊ त्या टीव्हीसमोर खानावळवाल्याला दम देत होता, "सरक बाजूला, मी बसणारे तिथे!" तीन महिने कुऱ्हाडवाली चालली. मी खालून हाक मारली की वरून उत्तर यायचं, "आले गं!" एकदा दुकानात एका पोलिसाने मोटारसायकलचं कुलूप दाखवलं, तर हा पांढऱ्या मिशीचा माणूस त्याला म्हणाला, "द्या इकडे, बघते मी." पोलीस माझ्याकडे बघायला लागला. मी चावी कापत होते, मशीनचा आवाज मोठा केला.

खरं सांगू? मी सुखात होते. दुपारी तो खेळायचा, मी बाजूला पाय पसरून कपड्यांना बटणं लावायचे, नाहीतर नुसतं बघायचे आणि नावं ठेवायचे. "अरे, त्या म्हातारीला उत्तर दे की, कधीची उभी आहे!" असं काहीबाही. भावाच्या तोंडून किती माणसं बोलायला लागली होती, आणि ती सगळी मला आवडत होती. कुऱ्हाडवाली तर फारच.

मग पुढच्या दीड वर्षात माणसं बदलत गेली. आधी एक भिक्षू आला. बिल्ल्यावर: 'हिंसा नाही. परक्या पेटीला हात नाही.' त्यानंतर वैद्य. जंगलात फिरून मुळ्या गोळा करायच्या, आजाऱ्यांना द्यायच्या. 'कुलपाला हात नाही, वैद्याला दार उघडून देतात.' मग कोळी, तळ्याकाठी बसून राहणारा. शेवटी मेंढपाळ. मला वाटलं, वय झालं, मन शांत झालं ह्याचं. मी तर झेरॉक्सवालीला फुशारकीने सांगायचे, "आमच्या घुम्याचा भिक्षू सोन्याची पेटी समोर असली तरी वळून बघत नाही. नेम म्हणजे नेम!" काय मूर्ख बाई असते एकेक.

एके दिवशी दुपारी दुकान बंद करून मी झाडत होते, तेवढ्यात झेरॉक्सवाली आत आली आणि जरा चाचरतच म्हणाली, "ताई, एक विचारू? घुम्यादादा माझ्यावर रागावलेत का? माझं कपाट अडकलंय. तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा उद्या म्हणाले. शेवटी मी दुसऱ्याला बोलावलं." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शेजारणीचं काम, आणि तिला दुसरा माणूस बोलवावा लागला! मी जिना चढून वर गेले. दुपारचे दोन वाजले होते. साहेब मेंढ्या राखत होते.

"लाज वाटत नाही का तुला?" मी सुरू झाले. "कामं टाळतोस आणि इथे बसून मेंढ्या हाकतोस? सगळी अक्कल त्या डबड्यात गेली का?" पडद्यावर त्याचा मेंढपाळ एका गुहेत उभा होता आणि समोर लोखंडी पेटी होती. मला आणखीच चेव आला. "ही पेटी उघड आधी. निदान इथली तरी उघड!"

"हा उघडत नाही."

"का नाही उघडत?"

"नेम आहे त्याचा."

"खड्ड्यात गेला त्याचा नेम. आण इकडे!" मी रिमोट हिसकावला. मला खेळता येत नाही, पण इतकी वर्षं बघून कुठलं बटण दाबायचं ते ठाऊक होतं. कुलूप पडद्यावर मोठं झालं. मी कांडी फिरवली आणि दचकून ओरडलेच, "अगं बाई! केवढं थरथरतंय हे!"

घुम्याने माझ्याकडे बघितलं. "थरथरतंय?"

"मग! विंचू चावल्यासारखी दचकले मी."

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "रिमोट बिघडला नव्हता?"

"कोण म्हणालं बिघडलाय?"

त्याने उजव्या हाताची बोटं एकमेकांवर घासून बघितली. मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, माझा राग एकदम उतरला. मी त्याच्या उजव्या चिमटीत ती कांडी दिली, वरून माझी बोटं ठेवून फिरवली. माझ्या बोटांना थरथर लागत होती. "लागतंय?" मी विचारलं. त्याने मान हलवली. नाही म्हणून हलवली, ते ह्या वेळी ओळखावं लागलं नाही. मग कांडी डाव्या चिमटीत दिली. "आता?"

"आता लागतंय."

मी वर बघितलं. खिळ्यांवर सगळे बिल्ले ओळीने लटकत होते. मी उठून एकेक वाचला. भिक्षू, वैद्य, कोळी, मेंढपाळ. चौघांच्याही बिल्ल्यावर तेच. पेटीला नाहीतर कुलपाला हात नाही. दीड वर्षं माझा भाऊ अशीच माणसं शोधून काढत होता, ज्यांना कुलूप उघडावं लागणार नाही, आणि मी त्यांचं कौतुक करत फिरत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अंगठा आणि पहिली दोन बोटं," तो म्हणाला. "आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्यापण यायच्या बंद झाल्या. कुलूप माझ्याशी बोलत नाही गं ताई. मी आकडा घालतो आणि आत नुसतं लोखंड असतं. गिऱ्हाइकाला म्हणतो कुलूप गंजलंय, आणि ड्रिलने फोडून नवं बसवून देतो."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं ना."

मी त्याला धपाटा घालायला हात उचलला आणि तो हात तसाच त्याच्या डोक्यावर ठेवला. "पण पुढे काय करणार होतास, शहाण्या?"

"मेंढ्या राखल्या असत्या," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला भीती वाटत होती. घुम्याला दुसरं काही येत नाही. त्याच्या हातातून हे काम गेलं असतं तर तो त्या टेबलाशी बसला असता आणि एक दिवस मान हलवायचीसुद्धा बंद झाली असती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण कामात चोख. मनगटातली नस दबली आहे म्हणाल्या. छोटं ऑपरेशन. पण दिवस फार गेलेत, त्यामुळे कितपत परत येईल ते आत्ता सांगता येत नाही. "आधी का नाही आलात?" त्यांनी विचारलं. घुम्याने माझ्याकडे बघितलं. "नेम होते त्याचे," मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. जाऊ दे.

ऑपरेशन झालं, हाताला पट्टी बांधली, सहा आठवडे काम बंद. आता दुपारी करायचं काय? तो म्हणाला, "तू खेळ, मी सांगतो." मी म्हटलं, मला असली सोंगं जमत नाहीत. "मग तू तूच हो," म्हणाला. झाली मी. पहिल्याच दिवशी एका पहारेकऱ्याने मला रस्ता सोडायला सांगितलं. पडद्यावर तीन उत्तरं आली. मी तिसरं निवडलं, ज्यात मी त्याला अद्वातद्वा बोलते. दहा मिनिटांत मी तुरुंगात! घुम्या इतका हसला की पट्टीचा हात दुसऱ्या हाताने धरून बसला. "आता निघ बाहेर," म्हणाला. तुरुंगाच्या दाराला अर्थातच कुलूप होतं.

तर असं माझं शिक्षण सुरू झालं. आधी पडद्यावरची कुलपं, आणि ती यायला लागली तशी एक दिवस त्याने डाव्या हाताने खालचं एक खरंखुरं कुलूप आणून माझ्या मांडीवर टाकलं आणि बाबांचं पाकीट उघडून समोर ठेवलं. मी सत्तावन्न वर्षांची आहे. आयुष्यभर त्या आकड्यांच्या चार फुटांवर बसले आणि एकदाही हातात घेतले नव्हते. आणि काय सांगू, हा घुम्या बोलायला लागला! "जोर नको लावूस. तुझं सगळं जोरावर असतं. कान नको देऊस, बोटाला विचार. थांब, थांब, ती खोटी बसलीये, नुसती अडकलीये, सोड तिला." आपल्याच आवाजात, कोणाचंही सोंग न घेता, दुपारभर. मी चिडायचे, कुलूप आपटायचे, तो उचलून परत माझ्या मांडीवर ठेवायचा. नवव्या दिवशी ते उघडलं. मी अशी किंचाळले की झेरॉक्सवाली धावत आली, तिला वाटलं कोणी पडलं.

पट्टी सुटली. अंगठा परत आला. पहिलं बोट बऱ्यापैकी आलं. मधलं मात्र अजून मुकंच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडं येईल, पूर्ण येईलच असं नाही. घुम्याने मान हलवली. मीही डिवचलं नाही. पुढे काही दिवस तो टेबलाशी बसून आकडे पुसत राहायचा, आणि मी मशीनवरून त्याच्याकडे चोरून बघायचे.

मग एका सकाळी पलीकडच्या इमारतीतली एक बाई घरातल्या कपड्यांतच, पायात चप्पल नाही, अशी धापा टाकत आली. पेपर घ्यायला बाहेर आली, वाऱ्याने दार लागलं, चावी आत आणि दूध गॅसवर! घुम्याने पाकीट उचललं, मी त्याच्यामागे. तीन जिने चढलो. तो दारापुढे गुडघ्यावर बसला, कुलपात पट्टी घातली, आकडा घातला, डोळे मिटले. पहिली पिन बसली, ते मला त्याच्या खांद्यावरून कळलं. दुसरी. तिसरी. मग तो थांबला. आकडा किंचित पुढेमागे केला, परत थांबला. दाराच्या फटीतून दूध करपल्याचा वास यायला लागला होता. बाई मागे रडकुंडीला आलेल्या. मला वाटलं, आता हा म्हणणार, कुलूप गंजलंय, ड्रिल आण.

त्याने डोळे उघडले. "बाई," तो म्हणाला, आणि परक्या माणसाशी एवढं सरळ बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं, "माझ्या बोटाला अजून कळत नाही. ऑपरेशन झालंय. आता माझी बहीण उघडेल. तिला जरा वेळ लागतो, पण ती उघडते."

उघडायला मला सांगत होता. मला! त्याने डाव्या हातातला ताण सोडला नाही, नुसता बाजूला सरकला. मी शेजारी गुडघे टेकले आणि त्याच्या उजव्या हातातून आकडा माझ्या हातात घेतला. चौथी पिन घट्ट होती. "जोर नको," तो कानाशी म्हणाला. मी बोटाला विचारलं. आधी नुसतं लोखंड. मग बारीकसं काहीतरी थांबलं. मी "हं" म्हटलं, त्याने पट्टी फिरवली, आणि दार आत गेलं.

बाई धावत जाऊन गॅस बंद करून आल्या. दूध गेलं होतं, भांडं काळं झालं होतं, बाकी सगळं ठीक. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "फार उपकार झाले हो. पुढच्या वेळी कोणाला बोलवायचं? उघडलं कोणी नक्की?"

"हिने," घुम्या म्हणाला.

"काहीतरीच," मी म्हटलं. "तीन पिना ह्याच्या होत्या."

"पण चौथीशिवाय उघडतं का ते?"

"आणि ताण कोणी धरला होता? मी?"

"ताण काय, कोणीही धरतं."

"कोणीही? मग नऊ दिवस मला का छळलंस?"

बाई एकदा त्याच्याकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे. तीन जिने उतरून, रस्ता ओलांडून दुकानात येईपर्यंत आमचं भांडण चालू होतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त तोच बोलला.